वाचून दाखविले

फोटो परत आला तेव्हा मार्तंडराव ओसरीवर चहाची वाट बघत बसले होते. मांडीवरचा मोबाईल थरथरला. 'औंढा ज्येष्ठ मित्र' या गटावर फुलांच्या आणि सुविचारांच्या मधोमध कुणीतरी तो टाकला होता. कडुलिंबाखाली बसलेल्या बायका, पुढे सोडलेली फडकी, आणि मधे एक बाई आडवी पडलेली, तोंडावर पदर, पाय उघडे, एका पायात चांदीचं वाळं. वर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सरकारी पैशावर दुपारची झोप'. खाली लाल चौकटीत एक वाक्य होतं: 'काही जणी कामचुकार असतीलही, हे मी नाकारत नाही.' आणि त्याखाली, 'मजुरांचे कैवारी जुना कारकून यांची कबुली'. तिघांनी हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली तोंडं चिकटवली होती, त्यांतलं एक तोंड मार्तंडरावांच्या साडूचं होतं. असले फोटो रोज येतात आणि रोज जातात, माणूस अंगठ्याने वर सरकवतो आणि चहा पितो. पण हा फोटो मार्तंडरावांनी स्वतः काढलेला होता, आणि ते वाक्यही त्यांचंच. गटावर कुणालाच ते ठाऊक नव्हतं. जुना कारकून म्हणजे मार्तंड दिगंबर पुराणिक, सेवानिवृत्त लिपिक, हे घरात अनुसूयाबाईंनासुद्धा ठाऊक नव्हतं. चहा आला, आणि त्यांनी मोबाईल पालथा घातला. अनुसूयाबाई म्हणाल्या, "काय झालं? तोंड काहून उतरलं सकाळी सकाळी?" ते म्हणाले, "काही नाही, कुणाचं तरी निधन." असं चटकन खोटं त्यांच्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर ते अगदीच खोटंही वाटेना.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले, आणि सुरुवातीचे चार महिने बरे गेले. मग दिवस लांबत चालले. टाकी भरली का, दळण आणलं का, याच्यापलीकडे त्यांचं मत घरात कुणी विचारीना. बाहेर देवळाच्या वाटेवरच्या दुकानांपुढे बसणारे समवयस्क एकाच विषयावर बोलत, तो म्हणजे आपापलं पोट. अशात एका दुपारी त्यांनी मोबाईलवर, 'जुना कारकून' असं नाव घेऊन, कुणाच्या तरी लिखाणाखाली दोन ओळी टाकल्या. अंगणवाडीच्या बायकांचा संप चालू होता, आणि पुण्याकडच्या एका माणसानं लिहिलं होतं की या बायकांना काम नको, नुसता पगार हवा. मार्तंडरावांनी उत्तर दिलं, कचेरीच्या भाषेत, मुद्देसूद, कलमांसहित. रात्रीतून दोनशे जणांनी त्याला पसंती दिली. झालं. आपल्याला बोलता येतं, हे माणसाला साठाव्या वर्षी कळलं की त्याचं काही खरं नाही. मग ते रोज बसू लागले. ड्रायव्हरला बारा तास राबवणं, घरकामाच्या बाईला सणाची सुटी, मजुराची विश्रांती मजुरीत धरायची की नाही, अशा एकेका प्रश्नावर साताऱ्याची, नागपूरची, दुबईची अनोळखी माणसं त्यांना विचारत, 'सर, आपलं काय मत?' चार हजार माणसं त्यांच्या मागे लागली. शिव्या देणारेही होते, आणि ते मार्तंडरावांना आवडत. त्यांना उत्तर देणं सोपं असतं. अवघड होता तो मध्यममार्गी नावाचा माणूस. तो कधी चिडत नसे. 'सर, आपला अनुभव मोठा, पण एक शंका आहे,' अशी सुरुवात करी आणि शंका सुईसारखी बारीक घाली. तीन आठवडे दोघांचा वाद चालला होता, रोजगार हमीच्या मजुरांवर. त्याचं म्हणणं असं की ही कामं म्हणजे निव्वळ झोपा काढणं. त्या अनोळखी माणसानं आपल्याला निःपक्ष म्हणावं, असं मार्तंडरावांना वाटू लागलं होतं. आपल्याला काय वाटू लागलंय, हे मात्र त्यांना तेव्हा कळलं नव्हतं.

त्या दिवशी ते तांड्यापलीकडच्या आपल्या दीड एकरातून स्कूटरवर परत येत होते. मोटार बिघडली म्हणून गेले होते, ऊन मी म्हणत होतं. डोंगराच्या उतारावर चर खोदायचं काम चालू होतं, आणि रस्त्यालगतच्या कडुलिंबाखाली बायका भाकरीला बसल्या होत्या. एकीनं हात केला. बेबीबाईंना चक्कर आली होती. बेबीबाई म्हणजे घरची ओळख, दर हंगामात सीताफळांची पाटी घेऊन दारी येणार, अनुसूयाबाईंशी भावावरून तासभर भांडणार आणि मग चहा पिऊन जाणार. मार्तंडरावांनी डिकीतली बाटली काढली, एका बाईच्या फडक्यातून मीठ घेतलं, दुसरीच्या चहाच्या पुडीतली साखर घेतली, आणि दोन्ही हलवून ते पाणी त्यांना पाजलं. बेबीबाई म्हणाल्या, "बरं वाटून राह्यलं, सायेब. जा तुमी, उनाचं काहून थांबता." आणि पदर तोंडावर ओढून पडल्या. मार्तंडराव स्कूटरपाशी आले, आणि वळून त्यांनी ते दृश्य पाहिलं. सावलीला ना छप्पर, ना पाण्याचा पिंप, ना लेकरांना झोपवायला जागा. मध्यममार्गीला हेच दाखवायला हवं. मोबाईल काढला. विचारलं असतं तर बायकांनी पदर सावरले असते, नीट बसल्या असत्या, आणि फोटो खरा आला नसता. म्हणून विचारलं नाही. त्या वेळी हे कारण त्यांना फार चोख वाटलं होतं. संध्याकाळी त्यांनी फोटो टाकला, खाली लिहिलं, 'या आहेत आपल्या मजूर. यांना सावली द्या, मग बोला.' मध्यममार्गीनं उत्तर दिलं, 'सर, फोटोबद्दल आभार. आपण नेहमी प्रामाणिक असता, म्हणून विचारतो. यांत एकही कामचुकार नाही, असं आपण छातीठोकपणे सांगाल?' मार्तंडराव पाच मिनिटं विचार करत बसले. छातीठोकपणे कोण काय सांगणार? चौतीस वर्षं कचेरीत घालवलेल्या माणसाला कामचुकार म्हणजे काय हे का ठाऊक नाही? तिथं तर ते रोज शेजारच्या टेबलावर बसत. आणि समोरचा इतक्या सभ्यपणे विचारत होता. त्यांनी लिहिलं, 'काही जणी कामचुकार असतीलही, हे मी नाकारत नाही. परंतु...' परंतुच्या पुढे दहा ओळी होत्या, चांगल्या होत्या. त्या कुणी वाचल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळंच काढून टाकलं, पण तोवर पहिलं वाक्य आणि फोटो घराबाहेर पडला होता, आणि परंतु तेवढा मागे राहिला होता.

दहाच्या सुमारास फाटक वाजलं. "वैनी, सायेब हायेत का घरी?" हा आवाज सीताफळांच्या दिवसांतला, आणि हे तर वैशाखाचे दिवस. मार्तंडरावांच्या एकदा मनात आलं, आत जाऊन अंघोळीला बसावं. पण अनुसूयाबाईंनी बेबीबाईंना ओसरीवर घेतलं, पाण्याचा तांब्या दिला, आणि बेबीबाई खांबाला टेकून खाली बसल्या. खुर्ची त्यांनी कधीच घेतली नव्हती, घ्या म्हणून मार्तंडरावांनीही कधी फार आग्रह केला नव्हता. खुर्चीवर बसवण्याबद्दल आपण ऑनलाइन एक मोठा लेख लिहिला होता, हे त्यांना आत्ताच का आठवावं?

"काम बंद केलं, सायेब," बेबीबाई म्हणाल्या. "हापिसातून कागद आला. अकरा जनींनी खुलासा द्या, न्हाई तर नावं काढतो म्हने. परवापर्यंतची मुदत हाय. एक अर्ज लिवून द्या."

"कशाचा खुलासा?" मार्तंडरावांनी विचारलं, आणि स्वतःच्याच आवाजातला भोळेपणा ऐकून त्यांना शरम वाटली.

"तुमी पाह्यला न्हाई का फोटू? आख्ख्या जिल्ह्यात फिरून राह्यला. माझं तोंड झाकलेलं व्हतं, पन वाळ्यावरून वळखलं लोकायनं. काल डोंगरकडा गावाहून माझ्या भनीचा फोन आला, म्हने काय वं, कामावर झोपती का तू? सायेब, मला चक्कर आली व्हती, तुमीच तर पानी पाजलं. तुमी गेल्यावर कोन्या तरी मेल्यानं काढला."

तुमी गेल्यावर. मार्तंडराव बेबीबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिले. त्या तोंडावर संशयाची एक रेघ नव्हती. असती तर बरं झालं असतं, निदान नाकारायला काही तरी मिळालं असतं. अनुसूयाबाई दारात तांदळाचं ताट घेऊन बसल्या, खडे वेचत म्हणाल्या, "लोकांना कामधंदा न्हाई. बायांचे फोटो काढून राहिले."

"फोटूचं जाऊ द्या वो वैनी," बेबीबाई म्हणाल्या. "खाली ते कामचुकार लिवलंय ना, ते लागलं. माझी निता बारावीला हाय, तिनं वाचून दाखवलं. म्हनली, आई, हा लिवनारा मानूस तर मजुराच्या बाजूचा हाय. मी म्हनलं, आपल्या बाजूचा असा असतो व्हय? पाच वर्सं झाली मी त्या डोंगरावर खंदून राह्यले. एक दिस पडले तर कामचुकार?" मग म्हणाल्या, "तांड्याच्या नाईकानं सांगितलं, फोटूची वेळ लिवा. भाकरीच्या सुट्टीतला हाय हे दिसलं पायजे. पन वेळ सांगनार कोन? ज्यानं काढला त्याच्याच मोबाईलात असंन."

होती. एक वाजून एक्केचाळीस मिनिटं. सकाळपासून त्यांनी ती तीनदा पाहिली होती.

"लिहितो," ते म्हणाले आणि आत कागद आणायला गेले. कपाटापुढे नुसतेच उभे राहिले. या हातानं किती अर्ज लिहिले होते. निवृत्तीनंतर तर फुकट लिहून देत, तांड्यावरचे, साखरा गावापर्यंतचे लोक येत, आणि येत ते अक्षरासाठी जेवढे तेवढेच आवाजासाठी. मार्तंडरावांचं वाचणं ऐकण्यासारखं होतं. ते वडिलांकडून आलं होतं. वडील गावच्या देवळात चातुर्मासात पोथी लावत, आणि पोराला पुढे बसवून शिकवत, "पोथीत आपल्या पदरचं घालायचं न्हाई, अन् पोथीतलं गाळायचं न्हाई. ऐकणाऱ्याला वाचता येत न्हाई, म्हणून तर आपण बसलो इथं." अर्जाच्या शेवटी एक ओळ ठरलेली असे: सदर अर्ज मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे. मग अंगठा. मग खाली, वाचून दाखविणार, आणि मार्तंडरावांची सही. ही ओळ लिहिताना त्यांना दर खेपेला जनकाबाई आठवत. दर खेपेला ते पेन थोडं जोरात दाबत आणि पुढे जात.

जनकाबाई तलावाच्या कामावरची. मार्तंडराव तेव्हा तेवीस वर्षांचे, नोकरीला सहा महिने झालेले, अंगात नवा बुशकोट. मातीची दरड ढासळली आणि जनकाबाईंचा पाय घोट्यापासून चेंगरला. जबाब घ्यायला साहेबांनी यांनाच नेलं. कागद टेकवायला पेट्रोलचा डबा होता, हे अजून आठवतं, त्याचा वास आठवतो. जनकाबाईंनी सांगितलं, माती वरून सुटली, आमी सकाळीच म्हनलं व्हतं की सुटन. साहेब कानाशी म्हणाले, लिही, स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. मार्तंडरावांनी लिहिलं. मग साहेब म्हणाले, वाच आता. आणि त्या तेवीस वर्षांच्या पोरानं, दिगंबर पुराणिकांच्या मुलानं, खणखणीत आवाजात वाचलं, 'वरून माती ढासळल्यामुळे.' जनकाबाईंनी मान हलवली. अंगठा त्यांना उचलवेना, म्हणून मार्तंडरावांनीच तो धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. अंगठा तापलेला होता. भरपाई मिळाली नाही, मिळणारच नव्हती. दोन वर्षांनी शिवरात्रीच्या गर्दीत लंगडत जाणाऱ्या जनकाबाईंनी त्यांना ओळखलं आणि सोबतच्या बाईला सांगितलं, "हे सायेब. किती चांगलं वाचतेत." तीस वर्षं मार्तंडराव छाती पुढे काढून सांगत आले की आपण नोकरीत एक पैसा खाल्ला नाही. ते खरं होतं. जनकाबाईंची गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती, ना बायकोला, ना त्या चार हजारांना. तिथं तर नीतीवर रोज घमासान चाले. कुणी कुणाला भिकारी म्हणून हाकलावं का, लाच मागितली तर काय करावं, खोटं कधी क्षम्य असतं. या शेवटच्या प्रश्नावर जुना कारकून यांनी लिहिलं होतं, 'दुर्बळाशी बोललेलं खोटं कधीच नाही.' त्या वाक्याला नऊशे जणांनी दाद दिली होती. लिहिताना हात थरथरला होता का? नव्हता थरथरला. हीच तर खरी लाज वाटण्याची गोष्ट.

"अहो, कागद सापडत न्हाई का?" अनुसूयाबाईंनी हाक दिली.

ते बाहेर आले, स्टूल पुढे ओढलं, लिहायला बसले. हात आपोआप चालू लागला. विषय, संदर्भ, महोदय. उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करते की. कचेरीच्या भाषेचा एक मोठा उपकार असतो, तिच्यात कुणीच काही करत नाही, सगळं होत असतं. दुपारच्या सुटीत आम्ही मजूर महिला झाडाखाली भाकरी खाण्यास बसलो असता, व मला भोवळ आल्याने मी आडवी झाले असता. इथपर्यंत पेन सरळ आलं. इथं एक जागा होती, आणि त्या जागेत दोनच गोष्टी बसत होत्या. त्यांना वाटलं, आपलं नाव घातलं तर काय होईल? साडू हसेल. पुण्याला असलेला मुलगा म्हणेल, बाबा, तुम्हाला हे धंदे कुणी सांगितले होते? कचेरीतले जुने सोबती चहाच्या टपरीवर चार दिवस चघळतील. चार हजार माणसं जातील, जाऊ देत. पण या खांबाला टेकून बसलेल्या बाईचं तोंड बदलेल, आणि ते आपल्यासमोर बदलेल. यासाठी त्यांची तयारी नव्हती. त्यांनी लिहिलं, 'कोणा अज्ञात इसमाने आमच्या नकळत आमचे छायाचित्र काढून'. वेळेच्या जागी लिहिलं, 'अंदाजे दुपारी'. या अंदाजे शब्दावर कचेरीत काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? अर्ज फायलीला लागतो आणि नावं निघतात. तरी त्यांनी लिहिलं, ठरलेली शेवटची ओळ लिहिली, आणि शाईचा डबा उघडून पुढे ठेवला.

"वाचा," बेबीबाई म्हणाल्या, आणि पदर डोक्यावर नीट घेतला, देवळात पोथी ऐकायला बसावं तसा. अनुसूयाबाईंचे ताटातले हात थांबले. त्यांनाही हे वाचणं आवडे.

मार्तंडराव वाचू लागले. आवाज नेहमीसारखाच लागला, भरदार, शब्द सुटा. महोदय. सविनय सादर करते की. भाकरी खाण्यास बसलो असता. मी आडवी झाले असता. डोळ्यांपुढे अज्ञात इसम आला, आपल्याच वळणदार अक्षरातला. त्यांनी तोंड उघडलं, आणि तो शब्द निघेना. पेट्रोलचा वास आला, कुठून आला कोण जाणे. आणि त्याच भरदार आवाजात, कागदावर बोट ठेवून, ते म्हणाले, "औंढा येथील मार्तंड दिगंबर पुराणिक, सेवानिवृत्त लिपिक, यांनी आमच्या नकळत आमचे छायाचित्र दुपारी एक वाजून एक्केचाळीस मिनिटांनी काढले, व आम्हांस कामचुकार म्हणणारे वाक्यही त्यांनीच लिहिले." मग पुढचं वाचलं, कळावे, आपली विश्वासू, सदर अर्ज मला वाचून दाखविला, तो बरोबर आहे. एवढं वाचून ते थांबले.

अनुसूयाबाईंच्या ताटातून तांदळाचे चार दाणे खाली पडले, आणि त्यांनी ते उचलले नाहीत.

"तुमी?" बेबीबाई म्हणाल्या.

"व्हय," मार्तंडराव म्हणाले.

"पानी पाजल्यावर?"

"व्हय."

"अन् कामचुकार बी तुमीच?"

त्यांना परंतु आठवला. परंतुच्या पुढच्या दहा ओळी पाठ होत्या. "मीच," ते म्हणाले.

बेबीबाईंनी कागदाकडे पाहिलं. मग त्यावर बोट ठेवून, जिथं मार्तंडरावांचं बोट होतं बरोबर तिथंच, विचारलं, "हितं असंच लिवलंय का? तुमी वाचलं तसं?"

हा प्रश्न जनकाबाईंनी विचारला नव्हता. छत्तीस वर्षांत कुणीच विचारला नव्हता. "नाही," मार्तंडराव म्हणाले. "तिथं लिहिलंय, अज्ञात इसम. म्हणजे कोण ते माहीत नाही असा माणूस."

बेबीबाई हसल्या, पण ते हसणं सीताफळांच्या भावातलं नव्हतं. "मी सगळ्या तांड्यात शिव्या घातल्या त्याला. त्याच्या तोंडात माती पडो म्हनलं. तुमालाच लागल्या म्हना की." आणि मग त्यांचा आवाज एकदम चिरला. "इचारलं असतं सायेब, तर उठून बसले असते मी. पदर नीट घेतला असता. फोटू काढू दिला असता तुमाला."

मार्तंडरावांना रडू आलं. लाज वाटली त्याची, कारण या ओसरीवर रडायचा हक्क आपला नाही, हे त्यांना पक्कं कळत होतं. त्यांनी नवा कागद घेतला. या वेळी हात आपोआप चालेना. एकेक शब्द ओढून काढावा लागला. आपलं पूर्ण नाव, पत्ता, मोबाईल नंबर, वेळ. चौकशीस समक्ष हजर राहीन, हे एक वाक्य जास्तीचं घातलं. त्या वाक्याखाली तारीख टाकून आपली सही केली. शेवटची ओळ लिहिली, आणि शाईचा डबा बेबीबाईंकडे सरकवला. सवयीनं त्यांचा अंगठा धरायला हात पुढे केला.

बेबीबाईंनी आपला हात पदराखाली घेतला.

"वाचू का?" मार्तंडरावांनी विचारलं.

"नका," बेबीबाई म्हणाल्या. त्यांनी कागद उचलला, उलटसुलट पाहिला, चौघडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला. उठताना खांबाला धरलं, अजून अंगात जोर आला नव्हता. पायरीवर चप्पल घालत, वळून न बघता म्हणाल्या, "घरी निता हाय. ती वाचंन, मग देईन अंगठा."